सड्यावरची चित्रं कुणाची?

कार्यक्रमपत्रिकेत विषय लिहिलाय ‘पुरातत्त्वीय वारसा आणि स्थानिक समाज’. फार मोठा विषय आहे, तासाभरात त्याचं काही होणार नाही. म्हणून मी एकच उदाहरण घेतो, कोकणातल्या कातळशिल्पांचं. तेही चित्रांपेक्षा जास्त, त्या चित्रांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांच्या बाजूनं.

ज्यांनी कोकण फक्त समुद्राकडून पाहिलंय त्यांच्यासाठी आधी सडा म्हणजे काय ते सांगतो. रत्नागिरी, राजापूर, लांजा या भागात वाड्या बहुधा उतारावर नाहीतर दरीत असतात, पाणी आणि सावली असते तिथं. त्यांच्या डोक्यावर जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार असतं. तो सडा. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, काळा पडतो. पावसाळ्यात त्याच कातळावर गवत आणि रानफुलं येतात, डबकी साचतात. सातबाऱ्यावर या जमिनीची नोंद पुष्कळदा ‘पोटखराबा’ अशी. म्हणजे लागवडीच्या कामाची नाही. पण गावाला ती बिनकामाची कधीच नव्हती. गुरं तिथं चरतात, गवत तिथून येतं, पलीकडच्या गावाला जायची पायवाट तिथून जाते.

याच कातळावर चित्रं खोदलेली आहेत. हत्ती, वाघ, मासे, पक्षी, माणसं आणि काही भौमितिक आकृत्या, ज्यांचा अर्थ आज तरी कुणाला लागलेला नाही. राजापूर तालुक्यात कशेळीला एक हत्ती आहे, सुमारे 18 मीटर लांब. त्याच्या पोटात आणि अंगावर कितीतरी लहानमोठे प्राणी कोरलेत. जमिनीवर उभं राहून तो हत्ती आहे हे पटकन कळतच नाही, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जावं लागतं. काही ठिकाणी गेंडा आहे. आज कोकणात गेंडा नाही, त्यामुळे चित्रं फार जुनी असावीत असा अंदाज बांधता येतो. पण नेमकं वय काढणं अवघड, कारण उघड्या कातळावर मातीचे थर नसतात आणि कोळसा किंवा हाड असं काही चित्राशी बांधलेलं सापडत नाही. दहा-बारा हजार वर्षं हा आकडा तुम्ही वाचला असेल. तो अंदाज म्हणूनच ऐका.

आता माणसांकडे येतो.

मालवण तालुक्यात कुडोपी नावाचं गाव आहे. तिथल्या चित्रांच्या जागेला गावात नाव आहे, ‘बाहुल्यांचं टेंब’. टेंब म्हणजे उंचवटा. अभ्यासक तिथं पोचायच्या आधीपासूनचं हे नाव. इतरही बऱ्याच ठिकाणी लोक सांगतात, ही पांडवांनी काढलेली चित्रं. एका रात्रीत काढली, कोंबडा आरवला म्हणून अर्धी राहिली. महाराष्ट्रात लेण्यांबद्दलही हेच सांगतात, आणि आम्ही शिकलेली माणसं त्यावर हसतो. मीही हसायचो. पण त्या गोष्टीत काय काय आहे ते बघा. हे माणसाचं काम आहे, निसर्गाचं नाही, हे त्यात आहे. आपल्या आजोबा-पणजोबांचं नाही, त्याच्याही पलीकडचं आहे, हे आहे. आणि ते पुसायचं नसतं, हेही आहे.

देवीहसोळला तर गोष्टीच्याही पुढे गेलंय. आर्यादुर्गेच्या देवळाजवळ कातळात एक मोठी चौकोनी रचना आहे, आत गुंतागुंतीच्या रेषा. ती गावाच्या उत्सवाशी जोडलेली आहे, देवीची पालखी तिथं येते. म्हणजे ज्याला आपण ‘स्थळ’ म्हणतो ते गावाच्या लेखी वर्षातल्या एका ठरलेल्या दिवसाची जागा आहे.

गोव्यातही हेच झालं. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठावर उसगाळीमळ इथं खोदचित्रं आहेत. बैल आहेत, हरणं आहेत, आणि एक गोल गोल फिरत जाणारी चक्रव्यूहासारखी आकृती आहे. पुरातत्त्व खात्याचे पी. पी. शिरोडकर तिथं 1993 साली पोचले ते गावकऱ्यांनी सांगितलं म्हणून. पुस्तकांत ‘1993 मध्ये शोध’ असं छापलं जातं. शोध कुणाला लागला? खात्याला लागला. गावाला त्याआधीच ठाऊक होतं.

रत्नागिरीकडचं मोठं काम 2012 च्या सुमारास सुरू झालं. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे, दोघंही पेशानं इंजिनिअर, त्यांच्याबरोबर भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई. ही मंडळी सडे तुडवत फिरली. त्यांची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. गुराख्यांना विचारायचं. शाळांत जायचं आणि मुलांना सांगायचं, घरी आजी-आजोबांना विचारून या, सड्यावर असं काही पाहिलंय का? यातून किती निघावं? पाच-दहा ठिकाणं माहीत होती, तिथून आकडा हजाराच्या वर गेला. ड्रोन नंतर आला, फोटो काढायला. आधी गुराखी होता.

आता इथं प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी गावाचं उगाच गोडवं गातोय असं होईल. सगळ्याच गावांना आपल्या सड्यावरची चित्रं माहीत होती असं नाही. पुष्कळ चित्रं मातीनं, गवतानं झाकलेली होती. काही ठिकाणी माहीत असूनही कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. काही चित्रांच्या मधूनच रस्ता गेलाय, आणि तो गावानंच मागितलेला रस्ता होता. चिरेखाणीत काय गेलं याचा हिशेब तर कधीच लागणार नाही. जांभ्याचा चिरा हे कोकणातल्या घराचं मूळ. आपण ज्या घरात उतरतो, पोहे खातो, ते घरही कुठल्यातरी सड्यातूनच कापून आलंय.

तर मुद्दा असा की चित्रं बहुतेक ठिकाणी खासगी जमिनीवर आहेत. आणि ती जमीन आता पूर्वीसारखी पडीक राहिलेली नाही. कातळात सुरुंग लावून खड्डे करायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि हापूसची कलमं लावायची, हे कोकणात गेली कित्येक वर्षं चाललंय. खाणीला दगड आहे. मुंबईचा माणूस सेकंड होमसाठी सडा विकत मागतोय. अशा वेळी तुम्ही-आम्ही हातात टेप आणि ब्रश घेऊन जातो आणि मालकाला सांगतो, अभिनंदन, तुमच्या जमिनीत वारसा आहे.

मला एक प्रसंग सांगायचाय. गावाचं नाव घेत नाही. मी एका सड्यावर दुपारभर रेषा साफ करत बसलो होतो. जमिनीचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, छत्री घेऊन शेजारी उभे. मी उत्साहानं सांगतोय, काका, हा मासा बघा, ही शेपटी बघा. ते ऐकत होते. मग म्हणाले, “तां सगळां खरां. पण माका सांगा, मी हय कलमां लावूची की नाय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. संरक्षित स्मारक झालं की काय होतं ते त्यांनी पेपरात वाचलेलं होतं. केंद्र सरकारच्या स्मारकांभोवती 100 मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी 200 मीटर परवानगी, 2010 च्या दुरुस्तीतलं हे कलम गावोगावी लोकांना पाठ आहे. आपल्या जागेला नक्की कुठला कायदा लागणार, केंद्राचा का राज्याचा, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मीही नाही सांगितलं, कारण तोवर मलाच ते नीट माहीत नव्हतं.

आणि दुसरी चूक माझी त्याहून वाईट. परत येऊन मी त्या जागेवर लेख लिहिला. त्यात ‘आमच्या पथकाला आढळलेलं’ असं लिहिलं. पुढच्या खेपेला काकांनी लेखाचं कात्रण घडी उलगडून समोर ठेवलं आणि विचारलं, “तुमका आढळला? मग तुमका हय घेऊन कोण आयलो?” (श्रोत्यांत हशा) हसू येतं, पण मी त्या दिवशी हसलो नव्हतो. त्यांच्या वडिलांनी त्या कातळाच्या बाजूनं गडगा घातला होता, गुरांच्या खुरांनी रेषा झिजू नयेत म्हणून. तो गडगा माझ्या फोटोत दिसत होता. माझ्या लेखात नव्हता.

म्हणून ‘लोकसहभाग’ हा शब्द मी हल्ली जपून वापरतो. आपल्याकडे त्याचा अर्थ साधारण असा होतो: सरपंचाच्या हस्ते नारळ, शाळेच्या मुलांची प्रभातफेरी, सड्याची साफसफाई, शेवटी जेवण. निर्णय झालेले असतात, हात हवे असतात. 2007 साली न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीनं आपल्या उद्दिष्टांत ‘समाज’ हा शब्द मुद्दाम घातला. कागदावर तो आला, चांगलं झालं. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं तात्पुरत्या यादीत गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी, आणि गोव्यातलं ते कुशावतीकाठचं ठिकाण. एकूण नऊ.

यातलं बारसू तुम्हाला वेगळ्या कारणानं आठवत असेल. आधी नाणारला तेलशुद्धीकरण प्रकल्प येणार होता, विरोधामुळे तो 2019 मध्ये तिथून रद्द झाला. मग बारसू-सोलगाव परिसराचं नाव पुढे आलं. एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणाच्या वेळी सड्यावर बायका-माणसं उन्हात आडवी झाली, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याच सड्यावर एक भलं मोठं चित्र आहे, मधे माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाघ. आंदोलनात पाण्याचा, बागांचा, मासेमारीचा मुद्दा होता, आणि कातळशिल्पांचाही आला. तेव्हा आमच्यातल्याच काही जाणत्यांनी नाक मुरडलं. म्हणाले, यांना आता आठवली होय चित्रं? सोयीचा वारसा आहे हा.

मला हे पटत नाही. प्रकल्प हवा की नको, यावर गावातही दोन मतं होती आणि त्या वादात मी इथं शिरत नाही. पण सोय कुणाला चुकली आहे? पर्यटन खात्याला वारसा सोयीचा आहे, आम्हाला पेपर वाचायला तो सोयीचा आहे. मग ज्याची जमीन आणि विहीर पणाला लागली आहे त्यानंच तेवढा निर्मळ, निरपेक्ष वारसाप्रेमी का असावं? उलट मला वाटतं त्या महिन्यात कित्येक जणांनी आपल्या सड्यावरचं चित्र पहिल्यांदा थांबून पाहिलं असेल.

जिथं बरं काम झालंय तिथं काय घडलं? उक्षीत ग्रामस्थांच्या साथीनं हत्तीच्या चित्राभोवती कुंपण घालून ते राखलं गेलं. त्यासाठी आधी कातळ कुणाचा, वाट कुणाच्या शेतातून, पावसाचं पाणी कुठं काढायचं, हे सगळं घरोघरी बसून ठरवावं लागतं. कंटाळवाणं काम असतं ते, फोटो निघत नाहीत त्याचे. देवाचे गोठणेला उलटा अनुभव येतो. तिथल्या माणसाच्या आकृतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते, त्यामुळे हौशी माणसं मोबाइल धरून येतात, सुई बघतात, चित्रावरच उभं राहून बघतात, आणि जातात. गावात चहासुद्धा घेत नाहीत.

माझ्या मागण्या लहान आहेत. नोंदवहीत जागेचं स्थानिक नाव पहिलं लिहा, आपला क्रमांक नंतर. ती जागा कुणी दाखवली ते लिहा, त्याची परवानगी असेल तर नावानिशी. मालकाला कायदा काय आहे तो मराठीत, लेखी, आपण काम सुरू करण्याआधी द्या. जागा राखायची म्हणून त्याचं उत्पन्न बुडणार असेल तर भाडं किंवा मोबदला ठरवा, नुसतं शाल-श्रीफळ नको. आणि वाट दाखवणारा माणूस त्याच वाडीतला असू द्या, त्याला दिवसाचे पैसे द्या. पैशाचा विषय निघाला की आम्ही अभ्यासक चुळबुळायला लागतो, हे मला माहीत आहे. पण त्या काकांच्या कलमांचा प्रश्न पैशाचाच होता.

त्या काकांचं पुढे काय झालं, असं विचाराल. त्यांनी कलमं लावली. चित्र सोडून, गडग्याच्या पलीकडे, वीस-बावीस. चित्राच्या बाजूची एक रांग त्यांनी रिकामी ठेवली. मागच्या मे महिन्यात गेलो तर पेटी घेऊन जा म्हणाले, मी पैसे दिले ते घेतले, आणि लेखात दुरुस्ती छापली का ते विचारलं. छापली होती. वाचून दाखवायला लावली. मग म्हणाले, आडनाव चुकलंय.

ते अजून दुरुस्त व्हायचंय. चला, प्रश्न घेऊया. मागे कुणीतरी हात वर केलाय, माइक द्या त्यांना.