'तोच मध्ये आला' म्हटलं की चालक सुटतो का? पादचाऱ्यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या समजून घ्या

पायी चालणाऱ्याला गाडीची धडक बसली की जमलेल्या गर्दीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'तोच मध्ये आला.' अनेकदा जखमीचे नातेवाईकही हे मान्य करून टाकतात आणि भरपाईचा विचारही करत नाहीत. कायदा मात्र हा विषय इतक्या झटपट निकाली काढत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यापैकी ३२ हजार ८२५ जण पादचारी होते. म्हणजे रस्त्यावर मरणाऱ्या दर पाच जणांपैकी जवळपास एक जण पायी चालणारा होता.

झेब्रा क्रॉसिंगवर आधी कोण जाणार?

सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगजवळ आल्यावर चालकाने वेग कमी करायचा, थांबायचं आणि पादचाऱ्यांना तसंच व्हीलचेअर वापरणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं, असं वाहन चालवण्याबाबतची २०१७ ची केंद्रीय नियमावली सांगते.

पुढे ट्रॅफिक तुंबलेलं असेल आणि गाडी क्रॉसिंगवरच अडकणार असेल, तर चालकाने क्रॉसिंगच्या अलीकडेच थांबायचं असतं. फुटपाथवरून गाडी चालवायलाही बंदी आहे. गर्दीच्या वेळी फुटपाथवर चढणाऱ्या दुचाकी सवयीच्या झाल्या असल्या, तरी तो नियमभंगच आहे. या नियमावलीचं उल्लंघन केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७अ नुसार ५०० ते १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. सिग्नल तोडून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर कलम १८४ खाली तुरुंगवासही होऊ शकतो.

फुटपाथ हा हक्क आहे की सोय?

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, चालण्यायोग्य फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच प्रकरणात न्यायालयाने राज्यांना पादचाऱ्यांबाबत आणि रस्त्यांच्या रचनेबाबत सहा महिन्यांत नियम करण्याचे आदेश दिले.

फुटपाथ कसा असावा, याचे निकष इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवलेले आहेत. चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. वृद्धांना किंवा गुडघेदुखी असलेल्यांना प्रत्येक गेटपाशी चढ-उतार करावी लागू नये, हा त्यामागचा विचार आहे.

यात फेरीवाल्यांचा प्रश्नही येतो. २०१४ च्या कायद्याने त्यांच्या व्यवसायाला संरक्षण दिलं आहे. पण त्यासाठी जागा ठरवून देणं ही पालिकेची जबाबदारी आहे. ती पार पडली नाही की फेरीवाला आणि पादचारी एकाच अरुंद पट्टीवर येतात.

रस्ता पायी चालणाऱ्यांना दिला तर काय होतं, हे पुणेकरांनी पाहिलं आहे. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून महापालिका 'पादचारी दिन' साजरा करते.

पादचाऱ्याने काय पाळायचं?

- फुटपाथ असेल आणि तो चालण्याजोगा असेल, तर त्यावरूनच चालावं.
- फुटपाथ नसेल, तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने चालणं अधिक सुरक्षित.
- सिग्नल असलेल्या चौकात पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागल्यावरच रस्ता ओलांडावा. पोलिसांचा इशारा असेल, तर तो पाळावा.
- उभ्या बस किंवा ट्रकच्या पुढून अचानक बाहेर येऊ नये. मागच्या गाडीच्या चालकाला आपण दिसतच नाही.
- मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यांवर पायी जायला बंदी आहे. गाडी बंद पडली तरी मार्गिकेत उभं राहू नये.

पादचाऱ्याची चूक असेल तर भरपाई बुडते का?

नाही. इथेच सर्वाधिक गैरसमज आहे.

कलम १६४ नुसार चालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येते. मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये.

त्याहून मोठ्या रकमेसाठी कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं. तिथे दोघांच्या चुकांचा हिशोब होतो. समजा, नुकसान १० लाखांचं ठरलं आणि पादचाऱ्याची चूक ३० टक्के धरली गेली, तर ७ लाख मिळतात. रक्कम कमी होते, हक्क संपत नाही.

धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात.

खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे.

अपघात झालाच, तर लगेच काय करायचं?

चूक कुणाचीही असो, जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे कलम १३४ नुसार चालकाचं कर्तव्य आहे. जमावाच्या रोषासारख्या कारणामुळे उपचार मिळवून देणं शक्य नसेल, तर त्यातून सूट मिळते. मदतीला धावणाऱ्या त्रयस्थ व्यक्तीला कलम १३४अ संरक्षण देतं, त्यामुळे 'पोलिसांच्या भानगडीत कशाला पडा' ही भीती बाळगू नये.

११२ वर फोन करा. गाडीचा नंबर आणि जागेचे फोटो घ्या. २०२५ च्या केंद्र सरकारच्या कॅशलेस योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात आणि त्यात पादचारीही येतात. पोलिसांकडून एफआयआरची प्रत घ्या. आणि 'चूक आमचीच होती' असं लिहिलेल्या कागदावर घाईत सही करू नका. चूक कुणाची आणि किती, हे ठरवण्याचं काम न्यायाधिकरणाचं आहे.