काळवंडलेला कनेक्टर : जुन्या ग्राफिक्स कार्डाची दुरुस्ती कशी होते, केव्हा करू नये

जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या जाहिरातीत पंख्यांची छायाचित्रे हमखास असतात. वीजजोडणीच्या कनेक्टरचे छायाचित्र क्वचितच असते. कार्ड किती राबले आणि मालकाने ते कसे वागवले, याची बरीचशी नोंद मात्र त्या काळ्या प्लास्टिकच्या चौकटीतच सापडते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने व्यवहार-पडताळणीची आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर चालणारे त्याचे ‘मायनिंग’ एका दिवसात थांबले. अहोरात्र राबलेली असंख्य कार्डे त्यानंतर जुन्या मालाच्या बाजारात उतरली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने दुकान विचारणारा विरळाच), बंगळूरचा एस. पी. रोड किंवा ऑनलाइन विक्रेते यांच्याकडून अशी कार्डे गोव्यातल्या घरांतही येतात. स्वस्तात मिळालेल्या कार्डाचा कनेक्टर तपकिरी पडलेला किंवा वितळलेला दिसला, तर बहुतेक वेळा तो बदलता येतो. मात्र तो का जळला हे न शोधता केलेली दुरुस्ती म्हणजे तेच जळणे पुढे ढकलणे होय.

यासाठी थोडा हिशेब समजून घ्यावा लागतो. मदरबोर्डवरील खाच ग्राफिक्स कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकते. त्याहून अधिक लागणारी वीज वेगळ्या केबलने येते. सहा पिनांच्या कनेक्टरची मान्य मर्यादा ७५ वॅट, आठ पिनांच्या कनेक्टरची १५० वॅट. आठ पिनांपैकी १२ व्होल्टच्या पिना तीनच असतात; उरलेल्या पाचांपैकी तीन परतीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, आणि दोन ‘सेन्स’ पिना, ज्यांवरून केबल जोडली आहे हे कार्डाला कळते. १५० वॅटला १२ व्होल्टने भागल्यास साडेबारा अँपिअर येतात, म्हणजे दर पिनेमागे चार अँपिअरहून थोडे अधिक. पिनांमधले अंतर ४.२ मिलिमीटर. हा जुना कनेक्टर दणकट आहे, आणि त्याच्या मर्यादेत बरीच ढिलाई राखलेली आहे.

२०२२ मध्ये आलेल्या १२व्हीएचपीडब्ल्यूआर या कनेक्टरने ती ढिलाई संपवली. १२ व्होल्टच्या सहा पिना, अंतर ३ मिलिमीटर आणि मर्यादा ६०० वॅट. एकूण ५० अँपिअर, दर पिनेमागे सव्वाआठच्या वर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरटीएक्स ४०९० हे कार्ड बाजारात आले आणि काही आठवड्यांतच प्लग वितळल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडिया कंपनीने जगभरात सुमारे ५० प्रकरणे आपल्याला ठाऊक असल्याचे सांगितले आणि प्लग पूर्ण आत न बसवणे हे त्यांतले समान कारण दिसते, असे म्हटले. पुढे २०२३ मध्ये १२व्ही-२×६ ही सुधारित आवृत्ती आली. तिच्या सेन्स पिना आखूड केल्या, जेणेकरून प्लग अर्धवट बसला तर कार्डाने पूर्ण वीज ओढूच नये. तरीही २०२५ मध्ये आलेल्या ५७५ वॅटच्या आरटीएक्स ५०९० बाबत पुन्हा तशाच तक्रारी झाल्या. वापरणाऱ्याचा हलगर्जीपणा हे कारण खरे असेलही. पण एवढ्या हलगर्जीपणाने वितळणारा कनेक्टर मुळातच काठावर उभा आहे, असे म्हणावेच लागते.

कनेक्टर तापतो तो संपर्काच्या रोधामुळे. उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून येते. आठ-सव्वाआठ अँपिअर वाहणाऱ्या पिनेच्या संपर्काचा रोध पाच मिलिओहम असेल तर तिथे सुमारे एक-तृतीयांश वॅट उष्णता निर्माण होते. ती सहज विरून जाते. गंज, धूळ किंवा सैल पकड यांमुळे तोच रोध पन्नास मिलिओहम झाला, तर साडेतीन वॅट उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडते. उष्णतेने प्लगमधील धातूच्या स्प्रिंगचा ताण कमी होतो, पकड आणखी सैल होते, रोध वाढतो आणि उष्णताही वाढते. चाक एकदा फिरू लागले की प्लास्टिक मऊ होईपर्यंत थांबत नाही. किनारपट्टीवरच्या घरांत यात खाऱ्या, दमट हवेची भर पडते. दाराच्या बिजागऱ्या जिथे दोन पावसाळ्यांत गंजतात, तिथे कथलाचा पातळ मुलामा दिलेल्या पिनांकडून वेगळी अपेक्षा धरता येत नाही.

मायनिंगच्या कार्डांत आणखी एक कारण आढळते. हार्डडिस्कसाठीच्या साटा केबलला अ‍ॅडाप्टर लावून तिच्यातून सहा पिनांचा कनेक्टर चालवला जाई. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे सारी मिळून ५४ वॅटची सोय. तिच्याकडून ७५ वॅट मागायचे, तेही महिनोन्‌महिने, हा हिशेब जुळणारा नव्हताच.

दुरुस्तीपूर्वीची तपासणी

कार्ड संगणकातून काढून भिंगाखाली पाहावे. पिन नुसती वाकली असेल किंवा खिटी मोडली असेल, तर प्रकरण किरकोळ आहे. केबल वारंवार ओढली गेल्याने बोर्डाच्या मागच्या बाजूस पिनेभोवतीच्या सोल्डरला गोल, केसासारखी भेग गेली असेल, तर जुने सोल्डर काढून नवे भरणे पुरते. प्लास्टिक वितळले असल्यास कनेक्टर बदलण्याला पर्याय नाही. एकच पिन काळी पडली असली तरी संपूर्ण कनेक्टर बदलावा, कारण शेजारच्या पिनांनीही तीच उष्णता सोसलेली असते.

यानंतर मल्टिमीटर. १२ व्होल्टच्या पिना आणि ग्राउंड यांच्यातील रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य आला, तर कार्डावरील वीजनियंत्रणाचा एखादा मॉस्फेट किंवा कपॅसिटर निकामी झाला आहे, आणि कनेक्टर जळणे हा त्याचा परिणाम असू शकतो. अशा वेळी कनेक्टर बदलण्याचे श्रम वाया जातात. (कार्डाच्या मुख्य चिपभोवती मात्र एक ओहमहून कमी रोध आढळणे स्वाभाविक असते, त्यावरून घाबरून निष्कर्ष काढू नये.) काही कार्डांवर कनेक्टरजवळ छोटा फ्यूज असतो. तो गेला असेल तर त्याच क्षमतेचा बसवावा. तिथे तारेचा तुकडा जोडून काम भागवणारे कारागीर आहेत, आणि त्यांच्या हातचे कार्ड घेऊ नये.

सोल्डर काढणे, हेच खरे काम

कनेक्टर बसवण्यापेक्षा काढणे कितीतरी अवघड. ग्राफिक्स कार्डाचा बोर्ड अनेक थरांचा असतो आणि ग्राउंडच्या पिना आतल्या तांब्याच्या रुंद थरांना जोडलेल्या असतात. सोल्डरिंग आयर्नने दिलेली उष्णता हे तांबे गिळून टाकते. घरगुती २५ वॅटच्या आयर्नने तासभर झटूनही सोल्डर वितळत नाही. फक्त बोर्ड करपतो. म्हणून आधी कूलर उतरवून (थर्मल पॅड कुठे कोणत्या जाडीचे होते, हे टिपून ठेवावे) बोर्ड प्रीहीटरवर सावकाश शंभर ते दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. मग रुंद टोकाचे, तापमान स्थिर राखणारे आयर्न साडेतीनशे अंशांच्या आसपास ठेवून काम करतात.

कारखान्यातील शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळते. त्यात कथील-शिशाचे जुन्या पद्धतीचे, १८३ अंशांना वितळणारे सोल्डर मिसळले की सांधा लवकर सुटतो. याहूनही सोपा उपाय म्हणजे बिस्मथयुक्त सोल्डर, पण इथे जपावे लागते. बिस्मथ, शिसे आणि कथील यांचे एक मिश्रण शंभर अंशांच्याही खाली मऊ पडते. ते छिद्रात उरले आणि त्यावरच नवा कनेक्टर बसवला, तर तापणाऱ्या जागी मेणाचा सांधा केल्यासारखे होईल. बिस्मथ वापरलाच, तर प्रत्येक छिद्र नव्या सोल्डरने धुऊन काढावे.

अनुभवी कारागीर सगळ्या पिना एकदम ओढत नाहीत. जळके प्लास्टिक आधी कापून, फोडून दूर करतात आणि उघड्या पडलेल्या पिना एकेक करून, भरपूर फ्लक्स लावून काढतात. पिन स्वतःहून सैल झाल्याखेरीज जोर लावायचा नाही, हा नियम मोडला की छिद्राच्या आतील तांब्याची नळी पिनेबरोबर बाहेर येते. आतल्या थरांशी असलेली जोडणी त्या नळीतूनच असते, त्यामुळे तिच्या जाण्याने कार्ड बहुधा कायमचे बाद होते. सेन्स पिनेचा बारीक मार्ग तुटला तर केबल लावलेली असूनही ती नसल्याचा इशारा कार्ड देत राहते. तो मात्र बारीक तारेने जोडता येतो.

छिद्रांभोवतीचा बोर्ड कोळशासारखा काळा झाला असेल, तर तो भाग स्वच्छ तंतू दिसेपर्यंत खरवडावा लागतो. कारण करपलेले राळेचे थर वीज वाहू देतात. खड्डा इपॉक्सीने भरतात. करप आतल्या थरांपर्यंत गेली असल्यास कार्ड सुट्या भागांसाठी ठेवून द्यावे. ५० अँपिअर वाहणाऱ्या जागी अर्धवट दुरुस्तीवर घराची सुरक्षितता टांगू नये.

नवा कनेक्टर आणि त्याच्या पलीकडे

नवा कनेक्टर घेताना पिनांचे अंतर, उभा की आडवा हा प्रकार आणि खाचांचा आकार तिन्ही जुळले पाहिजे. मदरबोर्डवरील प्रोसेसरसाठीचा आठ पिनांचा कनेक्टर दिसायला जुळ्या भावासारखा असतो, पण त्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट असतात. जुन्या मदरबोर्डवरून तो काढून इथे बसवण्याची काटकसर महागात पडते. कनेक्टर टाळून केबलच्या तारा थेट बोर्डावर डागण्याची युक्तीही काही ठिकाणी चालते. केबलला बसलेला प्रत्येक झटका अशा वेळी थेट सोल्डरवर येतो, म्हणून ती त्याज्यच समजावी.

दुरुस्तीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते केबलकडे. जळालेल्या सॉकेटमध्ये बसलेला प्लगही जळालेलाच असतो. तो जुना प्लग नव्या सॉकेटमध्ये खुपसला की नवी पिनही त्याच वाटेने जाते. केबल बदलावीच, पण ती त्याच पॉवर सप्लायच्या त्याच मॉडेलसाठी बनवलेली असावी. सुट्या केबलींचे पॉवर सप्लायकडचे टोक प्रमाणित नाही. दोन कंपन्यांचे प्लग एकमेकांत बसतात, मात्र पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि मग कार्डासह बरेच काही एका क्षणात जाते. एका केबलला दोन प्लग असतील आणि कार्डाला दोन सॉकेट, तर जास्त वीज घेणाऱ्या कार्डासाठी दोन स्वतंत्र केबली वापरणे चांगले.

काम झाल्यावर फ्लक्सचे अवशेष आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, १२ व्होल्ट आणि ग्राउंडमधील रोध पुन्हा मोजावा आणि मगच कार्ड संगणकात बसवावे. पहिल्या दिवशी हलके काम, नंतर हळूहळू भार. कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून ८० टक्क्यांवर आणली, तर प्रवाह त्याच प्रमाणात उतरतो आणि उष्णता वर्गाच्या हिशेबाने घटून ६४ टक्क्यांवर येते. खेळातला फरक त्यामानाने फारच थोडा जाणवतो. दुरुस्त केलेल्या कार्डासाठी ही सवलत कायमचीच ठेवलेली बरी. महिन्याभराने संगणक बंद करून, वीज तोडून प्लग बाहेर काढावा आणि पिनांचा रंग पाहावा. चकाकी कायम असेल तर प्लग ‘टक’ आवाज येईपर्यंत पुन्हा आत दाबावा. तपकिरी झाक दिसली, तर ते कार्ड पुन्हा सुरू करू नये.