हिस्लॉपचा भुंगेरा

नागपुरात हिस्लॉप कॉलेज माहीत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. १८८३ सालचं कॉलेज आहे ते. पण हिस्लॉपच्या नावाचा एक भुंगेराही आहे, हे किती जणांना ठाऊक असेल देव जाणे. त्याचं पूर्ण नाव 'लोमेटस हिस्लोपी'. आणि तो थेट आपल्या टाकळीचा!

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. काम धर्मप्रसाराचं आणि शाळा चालवण्याचं, पण नाद दगडांचा. पुढे रॉबर्ट हंटर हा सहकारी मिळाला, त्यालाही तोच नाद. दोघांनी मिळून नागपूरच्या आसपासचा प्रदेश पालथा घातला आणि १८५५ मध्ये इथल्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर मोठा निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सोसायटीच्या त्रैमासिकात छापला.

आता टाकळीत असं काय होतं? आपल्याकडचा काळा पत्थर म्हणजे थंड झालेला लाव्हा. लाव्हाचे थर एकावर एक साचले, पण सलग नाही. एक थर आला की मध्ये बराच काळ शांतता. त्या काळात तळी साचायची, झाडं उगवायची, गोगलगायी आणि किडे नांदायचे. मग पुढचा लाव्हा यायचा आणि सगळं गाडून टाकायचा. दोन थरांच्या मधल्या त्या गाळात हिस्लॉपला बिया, फळं, शिंपले मिळाले, आणि भुंगेऱ्यांचे पंखही.

पंख म्हणजे उडायचे नाजूक पंख नव्हेत. भुंगेऱ्याचे पुढचे दोन पंख कडक होऊन त्यांचं झाकण बनलेलं असतं. भुंगेरा मेला की बाकीचं कुजतं, झाकण टिकतं.

हे नमुने पोचले अँड्र्यू मरे याच्याकडे. हा गडी मूळचा एडिंबरोचा वकील, पण जीव अडकलेला भुंगेऱ्यांत. १८६० मध्ये त्याच त्रैमासिकात त्याने नागपूरच्या जीवाश्म किड्यांचं वर्णन छापलं. एकाला हिस्लॉपचं नाव दिलं, दुसऱ्याला हंटरचं: 'मेरिस्टॉस हंटेरी'. दोन्हींसाठी प्रजातीच नव्हे, तर वरची जातही नवीन काढावी लागली.

विचार करा, हातात आहे फक्त झाकण. पाय नाहीत, मिशा नाहीत, रंगाचा भरवसा नाही. मग बघायचं काय? लांबी किती, रुंदी किती, खांद्याशी आकार कसा, रेघा आणि खळगे आहेत का, आणि हे सगळं आजच्या कुठल्या भुंगेऱ्याशी जुळतं. एवढ्यावर नवी प्रजाती उभी करायची.

माझ्या धंद्यात 'बग' रोजचेच, त्यामुळे मला इथे बग रिपोर्ट आठवतो. चांगल्या रिपोर्टमध्ये काय दिसलं, कुठे दिसलं, हे नीट लिहिलेलं असतं. का झालं असावं यावरचा तर्क पुष्कळदा चुकतो, पण म्हणून रिपोर्ट वाया जात नाही.

इथेही तसंच झालं. हिस्लॉपने हे थर तृतीयक काळातले मानले. आज आपण दख्खनच्या लाव्हाचं वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं धरतो, म्हणजे डायनोसॉर संपले त्या सुमाराचं. मरेने तर त्याच १८६० मध्ये डार्विनच्या नव्याकोऱ्या ग्रंथावर टीका केली होती. तो वाद कोण जिंकलं ते आपल्याला माहीत आहे. दोघांची मतं मागे पडली, तरी टाकळीच्या झाकणांचं वर्णन आजही पहिली नोंद म्हणून उघडावं लागतं. कुणी उद्या म्हणालं की हे वर्गीकरण चूक आहे, तरी सुरुवात मरेपासूनच.

हिस्लॉपला पुढचं काही बघायला मिळालं नाही. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिलावर्तुळं बघून घोड्यावरून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. वय ४५. गोंड आणि इतर आदिवासींवरची त्याची टिपणं अर्धीच राहिली होती, ती रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापली. हंटर नंतर विलायतेत मोठा ज्ञानकोशीय शब्दकोश करत बसला. नावं गोळा करायची खोड दोघांचीही सुटली नाही म्हणायची!

आपला अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय सुरू झालं तेही १८६३ सालीच. पण हिस्लॉपचे नागपुरी जीवाश्म गेले लंडनच्या संग्रहालयात. टाकळीवर आता शहर पसरलंय. प्राणिशास्त्राच्या रिवाजानुसार नाव लिहायचं 'लोमेटस हिस्लोपी मरे, १८६०'. त्यात शोधणारा आहे, वर्णन करणारा आहे, साल आहे. नाही ती फक्त टाकळी. ती सापडते मूळ वर्णनात, नमुना कुठून आला या एका नोंदीत. ती नोंद नसती तर लंडनच्या कपाटातला तो दगड कुठलाही असता.

असो. कधी काटोल रोडकडे गेलात आणि कुठे पायासाठी खणलेला खड्डा दिसला, तर काळ्या पत्थराच्या मध्ये वेगळ्या रंगाचा पट्टा दिसतो का बघा. दिसला तर फोटो काढा, आणि जागा लिहून ठेवायला विसरू नका.