श्वानोमा: पोटातल्या एका गाठीच्या नावाची गोष्ट

आजचा शब्द आहे 'श्वानोमा'. आधीच सांगतो, कुत्र्यांशी याचा काही संबंध नाही. थिओडोर श्वान नावाचे जर्मन शास्त्रज्ञ होते. मज्जातंतूंवर वायरच्या कोटिंगसारखं आवरण असतं ना, ते बनवणाऱ्या पेशींचं वर्णन त्यांनी १८३९ च्या पुस्तकात केलं. त्या पेशींची, कॅन्सर नसलेली गाठ म्हणजे श्वानोमा.

पोटात ती क्वचितच होते. पचनमार्गात झालीच, तर जास्त करून जठराच्या भिंतीत.

१९१० मध्ये प्रागमध्ये काम करणाऱ्या होसे वेरोकाय यांनी अशा गाठींची एक खूण सांगितली: पेशीकेंद्रकांच्या दोन समोरासमोर रांगा, मध्ये मोकळी पट्टी. पण जठरातल्या गाठीत ही खूण सहसा दिसतच नाही! मग काय, कित्येक वर्षं जठराच्या भिंतीतली अशी गाठ दिसली की 'स्नायूची' म्हणून नोंद व्हायची. मी कोड लिहिणारा माणूस, मला तर हे सगळे एरर एकाच कोडखाली टाकल्यासारखं वाटतं.

१९८३ मध्ये मझूर आणि क्लार्क या पॅथॉलॉजिस्टनी ते फोल्डर उघडलं. यातल्या बऱ्याच गाठी स्नायूच्या नाहीतच, आणि काही तर मज्जातंतूच्या आवरणाच्या वाटतात, असं त्यांनी दाखवलं. त्यांच्या हातात एस-१०० प्रोटीनची तपासणी होती. (नाव भारी आहे: शंभर टक्के संपृक्त अमोनियम सल्फेटमध्येही ते विरघळलेलं राहतं, म्हणून १००.) १९८८ मध्ये जपानच्या डाइमारू आणि सहकाऱ्यांनी पचनमार्गातल्या श्वानोमाचं वेगळं वर्णन केलं. १९९८ मध्ये हिरोता यांच्या टीमला दुसऱ्या एका गाठीत, 'जिस्ट'मध्ये, किट जनुकातला बदल सापडला. आता हिशोब सोपा झाला: एस-१०० पॉझिटिव्ह, किट निगेटिव्ह, तर श्वानोमा.

हा फरक पेशंटसाठी फार मोठा आहे, बरं का. श्वानोमा पूर्ण काढला की बहुतेक वेळा उपचार संपले. जिस्ट जास्त धोक्याची निघाली, तर इमॅटिनिबच्या गोळ्या काही वर्षं चालू शकतात.

गंमत म्हणजे, ऑपरेशनआधी सीटी स्कॅनमध्ये दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. एंडोस्कोपीची साधी बायॉप्सी वरच्या अस्तराचाच तुकडा आणते, गाठ खाली तशीच. सोनोग्राफीच्या मदतीने सुई घालून नमुना घेता येतो, पण तोही कधी अपुरा पडतो. त्यामुळे सर्जन गाठ न फोडता, आजूबाजूच्या थोड्या निरोगी भागासकट काढतात; लहान असेल तर दुर्बिणीतून. जिस्ट असली आणि फुटली तर पेशी पोटभर पसरतील ना!

आणि नक्की नाव? ते बऱ्याचदा पेशंट टाके घेऊन घरी पोचल्यावर, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये कळतं.