चव्हाट्यावरची वेधशाळा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरात जॅक्सन आणि ब्रॉडरिक नावाचे दोन रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, तो एरवी त्या शहरातील इतर शेकडो नाक्यांसारखाच एक नाका आहे. परंतु १९६७ नंतरच्या काळात निरभ्र रात्री तेथून जाणाऱ्याची पावले हटकून थबकत. पदपथावर तोफेप्रमाणे आकाशाकडे रोखलेली पुठ्ठ्याची एक जाडजूड नळी उभी असे आणि तिच्याशेजारी उभा असलेला एक सडपातळ गृहस्थ येणाऱ्याजाणाऱ्यास हाका मारून विचारत असे की, शनी पाहिला आहे काय, चंद्र पाहावयाचा आहे काय? तिकीट नव्हते, नावनोंदणी नव्हती, पुढे करावयाची टोपीही नव्हती. बाजारहाट करून परतणारी गृहिणी, कामावरून सुटलेला मोटारचालक, रात्रीच्या खेळाला निघालेले एखादे जोडपे अशी माणसे रांगेत उभी राहत आणि आपली पाळी आली की नळीच्या तोंडाजवळील भिंगाला डोळा लावीत. शनीभोवतीचे कडे प्रथमच पाहणारा मनुष्य पुष्कळदा डोळा काढून नळीच्या पुढच्या तोंडाशी जाऊन पाहतो. आत कोणी चित्र तर चिकटविलेले नाही ना, अशी शंका त्याला येते. सुमारे सव्वाशे कोटी किलोमीटरांवरील वस्तू रस्त्याच्या कडेला उभे राहून इतकी स्वच्छ दिसेल, यावर विश्वास बसणे खरोखरच कठीण असते.

या गृहस्थांचे नाव जॉन डॉब्सन. त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळीने १९६८ साली ‘सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स’, म्हणजे पदपथावरील ज्योतिर्विद, हे नाव घेतले.

वेधशाळा ही संस्था जनसामान्यांपासून दूर राहणारी आहे. सवाई जयसिंगाने दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी व मथुरा येथे उभारलेली यंत्रे लोकवस्तीजवळ होती खरी, पण ती राजाची होती. पुढे दुर्बिणी मोठ्या होत गेल्या, शहरांतील दिव्यांचा उजेड वाढत गेला, आणि वेधशाळा डोंगरमाथ्यावर जाऊन बसल्या. या दुराव्यावर तोडगा म्हणून हौशी ज्योतिर्विदांच्या मंडळ्या निघाल्या. कामीय् फ्लामारियाँ यांनी १८८७ साली फ्रान्समध्ये अशी संस्था स्थापिली. १८९० साली ब्रिटनमध्ये ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन निघाली. या संस्थांनी केलेले कार्य मोठे आहे. तथापि मंडळी म्हटली की वर्गणी आली, सभासदत्वाचे नियम आले, आणि नियमांबरोबर दारही आले. सॅन फ्रान्सिस्कोची नवी मंडळी निघण्यास असे एक दारच कारण झाले. डॉब्सन यांच्यापाशी शिकून एका मुलाने बारा इंच व्यासाची दुर्बीण स्वतःच्या हातांनी तयार केली होती. शहरातील हौशी ज्योतिर्विदांच्या संस्थेत मात्र वयाच्या अटीमुळे त्याला प्रवेश मिळेना. तेव्हा त्याच्यासाठी म्हणून निराळी मंडळी काढण्यात आली. बारा इंची दुर्बीण घडविणाऱ्याला वयाचा दाखला विचारणे हे नियमाला धरूनच झाले असेल. नियमांचे असे अनेकदा होते.

डॉब्सन यांचा या नाक्यापर्यंतचा प्रवास मात्र एका मठातून झाला होता, आणि तो मठ आपल्या देशाशी नाते सांगणारा होता.

त्यांचा जन्म १४ सप्टेंबर १९१५ रोजी पेकिंग येथे झाला. वडील तेथे प्राणिशास्त्राचे अध्यापक होते, आई संगीतज्ञ. १९२७ साली हे कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोस आले. तरुणपणी डॉब्सन कडवे नास्तिक होते. बर्कली येथील विद्यापीठातून १९४३ साली त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली. याच सुमारास ते वेदान्त सोसायटीत स्वामी अशोकानंदांच्या व्याख्यानास जाऊन बसले. स्वामी विवेकानंदांनी १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोत रोवलेल्या रोपाची धुरा त्या काळी अशोकानंद सांभाळीत होते. व्याख्यानाचा परिणाम असा झाला की, १९४४ साली हा नास्तिक रसायनशास्त्रज्ञ रामकृष्ण संघाच्या मठात दाखल झाला.

मठात त्यांच्याकडे जी कामे आली, त्यांत एक काम बौद्धिक होते. वेदान्ताची शिकवण आणि आधुनिक विज्ञानाचे विश्वदर्शन यांचा मेळ कसा घालता येईल, याचा त्यांनी विचार करावा, असे ठरले. विश्वाविषयी लिहावयाचे तर विश्व पाहिले पाहिजे, हा डॉब्सन यांचा तर्क सरळ होता. १९५६ साली त्यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानातील एक भिंग व जुन्या द्विनेत्रीचा एक नेत्रकाच एवढ्या भांडवलावर दोन इंची दुर्बीण जुळविली. तिच्यातून शनीचे कडे दिसले. मग जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच मिळवून तिचा बारा इंची आरसा घासला, आणि तो चंद्राकडे लावला. चंद्रावरील क्लेव्हियस नावाचे विवर सुमारे २३० किलोमीटर रुंद आहे, म्हणजे जवळजवळ पुण्याहून कोल्हापूरपर्यंतच्या वाटेइतके. त्याच्या पोटात आणखी लहान लहान विवरे आहेत. हे सारे लख्ख उजेडात डोळ्यासमोर उभे राहिले, तेव्हा डॉब्सन यांच्या मनात पहिला विचार आला तो असा की, हे प्रत्येकाने पाहिले पाहिजे. पुढील अर्ध्या शतकाहून अधिक आयुष्य त्यांनी या एका विचारावर काढले.

बारा इंची आरसा म्हणजे काय, हे येथे जरा थांबून समजून घेणे बरे. दुर्बिणीचे सामर्थ्य वस्तू मोठी करून दाखविण्यात असते त्याहून अधिक प्रकाश गोळा करण्यात असते. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. बारा इंची आरसा तिच्यापेक्षा सुमारे एकोणीसशे पट प्रकाश ओढून आणतो. असा आरसा विकत घ्यावयाचा तर त्या काळी सामान्य माणसास तो परवडणारा नव्हता. परंतु तो हाताने घासता येतो. एकाच आकाराच्या दोन जाड काचा घेऊन, त्यांच्यामध्ये पाणी व कुरुंदाची पूड घालून, वरची काच खालच्या काचेवर मागेपुढे घासावयाची आणि घासता घासता तिच्याभोवती फिरत राहावयाचे. दोन्ही काचा झिजता झिजता वरची खोलगट होते व खालची फुगीर. मग पूड अधिकाधिक बारीक घेत जावयाची, आणि शेवटी डांबरी राळेच्या थरावर झिलई द्यावयाची. पृष्ठभागातील चूक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास आली म्हणजे आरसा उतरला. मनुष्याचा हात इतके सूक्ष्म काम करू शकतो, हे ऐकून आश्चर्य वाटते. पण त्याला यंत्रापेक्षा सबुरी अधिक लागते, आणि सबुरी मठात शिकवितातच.

१९५८ साली त्यांची बदली सॅक्रामेंटोच्या मठात झाली. तेथे पैसा नव्हता. फुटक्या बरण्यांचे तळ आरशाच्या कामी आले, बागेतील वाळू चाळून घासण्याची पूड करण्यात आली. संध्याकाळ झाली की डॉब्सन चाकांवर बसविलेली दुर्बीण ढकलीत मठाबाहेर पडत आणि आसपासच्या मुलांना व त्यांच्या आईबापांना आकाश दाखवीत. ती मुले मग स्वतःची दुर्बीण करू म्हणत, आणि डॉब्सन त्यांना शिकवीत. हे सारे मठात सर्वांना रुचणारे नव्हते. पत्रव्यवहारात दुर्बिणीचे नाव उघड येऊ नये म्हणून स्नेह्यांशी एक सांकेतिक भाषा ठरली होती. दुर्बीण म्हणजे ‘जिरेनियम’चे झाड, नळीत व खोक्यात बसविलेली दुर्बीण म्हणजे कुंडीतले झाड, आणि आरशावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढला की झाडाला फूल आले! संन्याशाने फुलझाडांच्या आडून चंद्रताऱ्यांचा व्यवहार करावा, ही गोष्ट हसू आणणारी खरी. पण त्या हसण्याखाली एक पेच दडलेला होता, आणि तो वर्षानुवर्षे वाढत होता.

१९६७ साली डॉब्सन यांना मठ सोडावा लागला. मठवासाची तेवीस वर्षे झाली होती आणि वय एक्कावन्नच्या पुढे गेले होते. या प्रसंगाचा निवाडा करताना डॉब्सन यांची बाजू घेणे सोपे आहे, कारण पुढे त्यांची कीर्ती झाली. परंतु मठाचीही एक बाजू होती. जेथे प्रत्येकाची कामे व वेळा नेमलेल्या असतात, तेथे एक मनुष्य रात्री-बेरात्री भिंतीबाहेर राहू लागला, तर त्याच्या हेतूची थोरवी पाहून त्याला मोकळीक द्यावी, की सर्वांना एकच नियम लावावा? कोणतीही संस्था चालविणाऱ्यास हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, आणि त्याचे दोन्हीकडून समाधान करणारे उत्तर अद्याप कोणास सापडलेले नाही. खुद्द डॉब्सन यांनी वेदान्तावरील आपली निष्ठा शेवटपर्यंत सोडली नाही.

मठाबाहेर आल्यावर ते सॅन फ्रान्सिस्कोस परतले, स्नेह्यांच्या आश्रयाने राहिले आणि रोज रात्री जॅक्सन-ब्रॉडरिकच्या नाक्यावर दुर्बीण मांडू लागले. शहरातील दिव्यांच्या उजेडात अंधूक तेजोमेघ दिसत नाहीत. पण चंद्र, गुरूचे चार उपग्रह आणि शनीचे कडे यांना दिव्यांची पर्वा नसते. पदपथावर दुर्बीण लावण्यात हा व्यवहारही होता. जे दाखवावयाचे ते गर्दीतूनच दिसणारे होते.

नवी मंडळी मग शहराबाहेरही पडली. तिने चोवीस इंची आरशाची एक प्रचंड दुर्बीण तयार केली व तिला ‘डेल्फिनियम’ असे पुन्हा फुलाचेच नाव दिले. शाळेची जुनी बस घेऊन, तीत दुर्बिणी भरून ही मंडळी योसेमिटी, डेथ व्हॅली, ग्रँड कॅन्यन अशा राष्ट्रीय उद्यानांत जाई. दिवसा डोंगरदऱ्या पाहण्यास आलेले प्रवासी रात्री तेथे रांगा लावीत. आरंभी एका उद्यानाच्या अधिकाऱ्याने हरकत घेतली, असे सांगतात. आकाश हा काही उद्यानाचा भाग नव्हे, असे त्याचे म्हणणे. त्यावर डॉब्सन उत्तरले की, नसेल, पण उद्यान आकाशाचा भाग आहे ना! अधिकारक्षेत्राचा वाद इतक्या थोडक्यात मिटल्याची उदाहरणे सरकारी दप्तरांत फार नसतील.

दुर्बिणीच्या इतिहासात डॉब्सन यांचे नाव राहिले ते मुख्यतः तिच्या बैठकीमुळे. पूर्वी मोठ्या दुर्बिणीला पृथ्वीच्या अक्षाशी समांतर अशा आसावर तोलून बसवीत. त्यासाठी जड वजने, दंतचक्रे व घट्ट रोवलेला खांब लागे. छायाचित्रे घेण्यास ती व्यवस्था उत्तम. पण असले धूड रोज रात्री नाक्यावर कोण नेणार? डॉब्सन यांनी प्लायवूडचा एक खोका केला, त्यात काँक्रीटचे खांब ओतण्यासाठी वापरतात तसली पुठ्ठ्याची नळी बसविली, आणि ती वरखाली व डावीउजवीकडे सहज फिरावी म्हणून टेफ्लॉनचे निसरडे तुकडे व जुन्या ग्रामोफोनची तबकडी यांची योजना केली. तोफा अशाच बैठकीवर शतकानुशतके फिरत आल्या, यात आपण नवे काय केले, असे ते म्हणत. त्यांनी या रचनेचे एकस्व घेतले नाही. १९८० साली व्यापारी कंपनीने अशा दुर्बिणी विकावयास काढल्या, आणि ‘डॉब्सोनियन’ हा शब्द जगभर रूढ झाला.

त्यांच्या व्याख्यानांविषयी मात्र एकमत नव्हते. विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला ही उपपत्ती डॉब्सन यांनी कधीच मानली नाही. वेदान्त व भौतिकशास्त्र यांची सांगड घालून त्यांनी स्वतःची निराळी मांडणी केली होती. ज्योतिःशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही, आणि आज उपलब्ध असलेला पुरावा पाहता ते योग्यच झाले. पण व्याख्यान ऐकून न पटलेले श्रोतेही नंतर त्यांच्याच दुर्बिणीपुढे रांगेत उभे राहत.

ज्या १९४४ साली डॉब्सन मठात दाखल झाले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी ज्योतिर्विदांच्या हयात भारतीय संस्थांत ती सर्वांत जुनी गणली जाते. या दोहोंना त्या वेळी एकमेकांची वार्ताही नसणार. परंतु आज महाराष्ट्रातील एखादे खगोलमंडळ अमावास्येच्या सुमारास गावाबाहेरील माळावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठेवते, तेव्हा सतरंजीवर बसलेल्या मुलाबाळांच्या मध्यभागी पुष्कळदा लाकडी बैठकीवर फिरणारी तीच तोफेसारखी नळी असते. तिला डोळा लावणाऱ्या मुलास तिच्या जन्मकथेतील मठ आणि कुंडीतली झाडे ठाऊक नसतात, व ठाऊक असण्याची जरूरीही नाही.

डॉब्सन यांना शेवटपर्यंत फारशी मिळकत नव्हती. ठिकठिकाणच्या मंडळ्यांच्या निमंत्रणावरून ते फिरत, त्यांच्याच घरी उतरत, आरसे घासण्यास शिकवीत. १५ जानेवारी २०१४ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातील बर्बँक येथे त्यांचे निधन झाले. उत्तरायुष्यात वर्षातील सुमारे दोन महिने ते हॉलिवूडच्या वेदान्त सोसायटीत पाहुणे म्हणून राहत. ती रामकृष्ण संघाशीच संलग्न संस्था. तेथे ते वर्ग घेत, आणि त्या वर्गांत दुर्बिणी कशा कराव्यात हे शिकवीत.