सिनेमानं गाळलेली वर्षं : एक प्रस्तावना

धार-देवासच्या मराठी वाचकाला तृतीयपंथी माणूस अनोळखी नाही. घरात बाळ आलं, लग्न झालं की दाराशी टाळी वाजते. पण ओळख तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. दारात उभी असलेली व्यक्ती चौदा-पंधरा वर्षांची असताना कोणाच्या घरात वाढत होती, आवाज फुटायला लागला तेव्हा तिच्यावर काय गुदरलं, शाळेत कोणत्या रांगेत उभी राहत होती, हे कुणी विचारत नाही. सिनेमानंही विचारायला बराच उशीर केला. पारलिंगी किशोरवयावरचे चित्रपट आता एक अभ्यासविषय झाले आहेत. त्यात प्रथमच शिरणाऱ्यासाठी या चार गोष्टी.

सुरुवात घरापासून करू. मराठी पडद्यावर पुरुषाच्या अंगावर साडी आली ती पाठोपाठ तीनदा : ‘जोगवा’ (२००९), ‘नटरंग’ (२०१०) आणि ‘बालगंधर्व’ (२०११). ‘जोगवा’तल्या तायाप्पाला गाव साडी नेसवतं, देवीच्या नावानं आणि त्याच्या मनाविरुद्ध. ‘नटरंग’मधला गुणा हा कुस्तीगीर नाच्या होतो तो तमाशाच्या वेडापायी. ‘बालगंधर्व’मधले नारायणराव राजहंस रंगमंचावर भामिनी होतात, सिंधू होतात आणि मेकअप उतरवून घरी जातात. तिघांपैकी पारलिंगी कुणीच नाही. विद्यार्थी आपल्या निबंधात ही तिन्ही नावं एका दमात घेतात, तेव्हा त्यांना तिथेच थांबवावं लागतं. रूढीनं लादलेला वेष, कलेसाठी घेतलेला वेष आणि स्वतःविषयीची आतली खात्री यांची गल्लत झाली की पुढचं सगळं वाचन चुकतं.

देवासकरांना ही आतली खात्री समजावणं मला सोपं जातं. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदत होती, आणि हद्द गावातूनच जायची. पारलिंगी मुलगी स्त्री-पुरुषांमधल्या अशाच हद्दीवर घुटमळत उभी आहे असं आपण समजतो. तिचं म्हणणं वेगळं असतं : मी पहिल्यापासून पलीकडचीच रहिवासी आहे, नोंद तेवढी अलीकडच्या दप्तरात झाली. चांगला चित्रपट हे म्हणणं गृहीत धरून सुरू होतो. सामान्य चित्रपट ते सिद्ध करण्यात दोन तास घालवतो.

आता जरा पुरस्कारांकडे पाहा. ‘बालगंधर्व’ला रंगभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पारलिंगी लेखिका लिव्हिंग स्माइल विद्या यांच्या आत्मकथनावर आधारलेल्या ‘नानू अवनल्ल अवळु’ या कन्नड चित्रपटालाही तो मिळाला, शिवाय संचारी विजय सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. कौशिक गांगुलींच्या बंगाली ‘नगरकीर्तन’बाबत तेच : रंगभूषा आणि रिद्धी सेन. अभिनय अस्सल आहे, शंका नाही. पण कौतुक कशाचं झालं? नटाच्या कायापालटाचं. नट पुरुष असतो हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, म्हणूनच तो थक्क होतो. आणि हे थक्क होणं पात्राच्या दाव्याला नकळत सुरुंग लावतं. ‘ताली’ (२०२३) या मालिकेत उलट बाजूनं प्रयोग झाला. पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत यांची भूमिका सुष्मिता सेन यांनी केली, आणि गणेशची, म्हणजे लहानपणच्या गौरीची, कृतिका देव या अभिनेत्रीनं. दिग्दर्शक रवी जाधव, म्हणजे ‘नटरंग’ आणि ‘बालगंधर्व’चेच. मोठेपणी आई व्हायचंय असं वर्गात सांगणारा तो मुलगा मला सबंध मालिकेत सर्वांत मोलाचा वाटला. मालिका त्याच्यापाशी आणखी रेंगाळायला हवी होती.

रेंगाळणं हीच इथली खरी अडचण. पारलिंगी किशोरवयातलं देहाचं स्थित्यंतर म्हणजे मुख्यतः वाट पाहणं : डॉक्टरची तारीख, औषधाचा परिणाम, कागद, घरच्यांचा होकार. पडद्याला घाई असते, म्हणून तो शस्त्रक्रियेकडे धावतो. बेल्जियन दिग्दर्शक लुकास धोंट यांच्या ‘गर्ल’ला २०१८ साली कान महोत्सवात पदार्पणाचा ‘कॅमेरा दोर’ मिळाला. बॅले शिकणारी किशोरवयीन लारा, तिला सांभाळून घेणारा बाप, आणि तिला असह्य होणारा विलंब. वाट पाहण्याचा ताण इतका नेमका क्वचितच टिपला गेला असेल. तरीही अनेक पारलिंगी समीक्षकांनी चित्रपट झिडकारला : कॅमेरा पुन्हापुन्हा तिच्या शरीरावर खिळतो आणि शेवट स्वतःला इजा करून घेण्यात होतो. ज्यांच्या आयुष्यावरून तो सुचला, त्या नर्तिका नोरा मोन्सेकूर यांनी मात्र चित्रपटाची पाठराखण केली. मला आक्षेप पटतो. पण तो पटण्यासाठी चित्रपट आधी पाहावा. नंतर लगेच सेबास्तियाँ लिफशित्झ यांचा ‘पतीत फी’ (२०२०) हा माहितीपट लावावा. त्यातली साशा अजून किशोरवयातही आलेली नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आणि शाळेशी झगडणाऱ्या आईवर थांबतो, शरीराची चौकशी करत नाही.

मध्य प्रदेशातल्या वाचकाकडे या विषयात एक वेगळी शिदोरी आहे. सोहागपूरमधून विधानसभेत गेलेल्या तृतीयपंथी शबनम मौसी यांच्यावर २००५ साली चित्रपट निघाला, आशुतोष राणा प्रमुख भूमिकेत. कटनीच्या महापौर झालेल्या कमला जान यांची निवड मात्र न्यायालयात टिकली नाही : पद स्त्रियांसाठी राखीव, आणि न्यायालयाच्या लेखी त्या पुरुष. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, त्याआधीच्या काळातली ही गोष्ट. कोण काय आहे हे ठरवायचं कुणी, हा चित्रपटातला प्रश्न इथे खटल्याच्या रूपात घडून गेला आहे.

देवासचं स्वतःचं एक गाळलेलं पानही आहे. इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीचे राजे तिसरे तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस होते. तिथल्या आठवणींचं त्यांचं पुस्तक ‘द हिल ऑफ देवी’ १९५३ मध्ये आलं, पण दरबारातलं आपलं समलिंगी आयुष्य त्यांनी पुस्तकाबाहेर ठेवलं. त्याविषयीचं लिखाण त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. विषय निराळा, पण काय वगळलं गेलं ते शोधण्याची सवय इथेही उपयोगी पडते.

शेवटी एक कागद. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या कायद्यानं ओळखपत्राचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करण्याची सोय केली, आणि मूल अज्ञान असेल तर तो अर्ज आईवडिलांनी किंवा पालकांनी करायचा असं लिहिलं. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीच्या वतीनं तिच्या बापानं धारच्या किंवा देवासच्या कलेक्टर कचेरीत जायचं, आणि रकान्यात तिचं नाव लिहायचं. कोणतं नाव, यावरून आदल्या रात्री घरात जे बोलणं होईल, तो प्रवेश मराठीत कुणीतरी लिहायला घ्यावा.