बाळाची झोप आणि मोठ्यांचं घड्याळ

दीड वर्षाचं मूल दुपारी झोपत नाही, रात्री अकरापर्यंत घरभर नाचतं, हा आईचा नाहीतर आजीचा प्रश्न. तो व्याख्यानात कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण आम्हाला त्यात इतिहासाचा एक मोठा धागा दिसतो. तो असा की, मुलाच्या झोपेचा इतिहास हा खरं पाहता मोठ्यांच्या कामाच्या वेळेचा इतिहास आहे.

सुरुवात जुन्या वैद्यकापासून करू. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. त्याच सूत्रस्थानात दिवसा झोपण्याबद्दल मोठी सावधगिरी आहे. उन्हाळा वगळता धडधाकट माणसाने दिवसा झोपू नये, असा एकूण रोख. मात्र ज्यांना सवलत आहे त्यांची यादीही दिली आहे. त्यात दुबळे, थकलेले, वृद्ध आहेत आणि बालकंही आहेत. म्हणजे सत्तरी ओलांडलेले आम्ही आणि आमची नातवंडं एकाच यादीत बसतो! यातला विचार महत्त्वाचा आहे. मुलाची दुपारची झोप हा आळस नाही, चैन नाही, ती शरीराची गरज आहे, हे आपल्याकडे फार पूर्वी मान्य झालेलं होतं.

ही गरज भागायची कशी? या खडवलीच्या, भातसा नदीकाठच्या शेतीच्या मुलखात भातलावणीच्या दिवसांत आई शेतात, आणि बांधावरच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी. मूल पेंगलं की झोळीत, जागं झालं की अंगावर. झोप आणि काम एकाच जागी होतं. पण याचं फार गोड चित्र रंगवू नये. झोळीची दोरी ओढायला बहुतेक वेळा आठ-दहा वर्षांची थोरली बहीण असे आणि त्या दोरीपायी तिची शाळा बुडत असे. मुलाच्या झोपेसाठी कुणाचा तरी वेळ जातोच. फक्त तो कुणाचा, हे काळानुसार बदलतं.

आता काळ बदलतो कसा, ते बघा. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली. पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १८५५ला, कल्याण ते वाशिंद रेल्वे सुरू झाली. ती खडवलीवरूनच पुढे गेली. गिरणीचा भोंगा आणि गाडीची वेळ या दोन गोष्टींनी माणसाचा दिवस बांधून टाकला. १८९१च्या कायद्याने गिरणीतल्या बायकांच्या कामाला मर्यादा घातली, ती अकरा तासांची! आई अकरा तास साच्यावर, मूल चाळीतल्या खोलीत. तिथे झोळी टांगायला झाड नव्हतं आणि दोरी ओढायला गावाकडची माणसंही नव्हती.

मग घरोघरी बाळागोळी आली. तिच्यात अफू असे. गोळी दिली की मूल निपचित पडून राही. १९२२ साली डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबईतल्या गिरणी-कामगार बायकांची पाहणी केली. या बायकांच्या शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. गुंगीतलं मूल दूध मागत नाही, म्हणून खंगत जातं. मात्रा चुकली तर श्वास थांबतो.

त्या आयांना निर्दय म्हणायचं का? इंग्लंडच्या गिरणीगावांतही हेच चाललं होतं. तिथे अफूचं ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ मिळत असे, आणि कारखाना-भागांत मुलांना अफू पाजण्याचा उल्लेख मार्क्सनेही ‘भांडवल’ ग्रंथात केला आहे. मँचेस्टर आणि परळ यांच्यात धर्म, भाषा, हवापाणी काहीच समान नव्हतं. समान होता तो भोंगा. तेव्हा दोष एकट्या आईच्या माथी मारणं हा विचारातला आळस झाला.

यावर उतारा काय निघाला? पाळणाघर. १९४८च्या कारखाने कायद्याने पन्नासहून जास्त स्त्री-कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ साली ही संख्या तीसवर आली. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत फिरती पाळणाघरं सुरू केली. १९७५ साली अंगणवाडी आली खरी, पण तिथे रोज जाऊन बसण्याचं वय तीन ते सहा. एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारी कुणी निजवायचं, हा प्रश्न बराचसा घरावरच राहिला.

आणि आज? कसाऱ्याची लोकल पकडून मुंबई गाठणारे आईबाप रात्री नऊला परततात. मूल त्यांच्यासाठी जागं राहतं. ती त्याची खोडी नाही, त्याची माया आहे. मग झोप उतरून जाते, किरकिर सुरू होते आणि हातात मोबाइल येतो. अफू आणि मोबाइल एक नव्हेत. पण ‘आम्हाला वेळ नाही, तू गप्प राहा’ हे वाक्य मात्र तेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसाला ११ ते १४ तास झोप हवी, आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा नियमित हव्यात. साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान दिवसाच्या दोन झोपांची एक होते. तेव्हा काही आठवडे घर विस्कटतं, हे धरूनच चालावं. दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबू देऊ नये. सकाळी उठवण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही फार हलवू नये. रात्री जेवण, हातपाय धुणं, दिवा मंद, थोपटणं, अंगाई हा क्रम रोज तोच असावा. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. यानंतर हे, आणि मग झोप, एवढा भरवसा त्याला पुरतो. नऊला येणाऱ्या आईबापांनी रात्रीऐवजी सकाळचा अर्धा तास मुलाला दिला, तर त्याला जागून वाट पाहावी लागणार नाही.

मात्र हा सगळा भार पुन्हा त्या घरातल्या एकट्या बाईवर टाकून आपण मोकळे झालो, तर गेल्या दीडशे वर्षांतून काहीच शिकलो नाही असं होईल. दोरीला बापाचा हात लागावा. कामाच्या ठिकाणी पाळणाघर असावं आणि ते कायद्याच्या कागदावरच राहू नये. मुलाला शांत झोप लागते की नाही, यावरून त्या समाजाने मोठ्यांचा दिवस कसा वाटला आहे, ते कळतं.